चेंबर मोठा नाही, पुंगळी आखूड होतेय

नमस्कार. तुमचा प्रश्न नीट वाचला. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही टेक्सासात राहता, तुमच्याकडे .३०८ विंचेस्टरची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल आहे आणि फॅक्टरीची काडतुसं झाडून झाली की त्याच पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळकांडी) घरी पुन्हा भरता. साइझिंग डाय (झाडून फुगलेली पुंगळी दाबून परत मापात आणणारा साचा) सोबतच्या पत्रकात लिहिलंय तशीच बसवलीत. पाचव्या भरणीला काही पुंगळ्यांवर बुडाच्या जरा वर चकचकीत रेघ दिसू लागली आणि एका पुंगळीचं बूड सुटून बाहेर आलं, बाकीचं नळकांडं चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीतच राहिलं. गनस्मिथने चेंबरची लांबी तपासणारे ठरावीक मापाचे गेज लावून पाहिले. आखूड मापाच्या गो गेजवर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बंद होतो, लांब मापाच्या नो-गोवर होत नाही, रायफल ठीक आहे असं त्याने सांगितलं. तुम्हाला तरीही चेंबर मोठा कापला गेलाय अशी शंका आहे. तुम्ही मुख्यतः तीन गोष्टी विचारल्यात: चेंबरची खरी मापं कुठल्या ड्रॉइंगवरून घ्यावीत, गोळी पुस्तकातल्या लांबीवरच बसवावी का, आणि याच पुंगळ्या मेहुण्याच्या .३०८ मध्ये चालतील का.

पहिली गोष्ट, त्या लॉटमधली एकही पुंगळी आता वापरू नका. ज्यांच्यावर रेघ दिसत नाही त्याही टाका. त्या सगळ्या त्याच डायमधून तितक्याच वेळा गेल्या आहेत, आतून झिजल्याच आहेत. .३०८ चा कमाल दाब सामीच्या (काडतुसांची प्रमाणं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या) प्रमाणानुसार चौरस इंचाला ६२,००० पौंड असतो. बूड सुटतं तेव्हा त्या दाबाचा वायू मॅगझिनकडे आणि बोल्टच्या कडेने तुमच्या चेहऱ्याकडे येतो. या वेळी डोळे वाचले, चष्मा होता हे फार बरं झालं. अडकलेलं नळकांडं काढल्यानंतर चेंबरला ओरखडा पडलाय का हे गनस्मिथकडून उजेड टाकून बघून घ्या, मगच पुढचं काडतूस आत घाला.

आता मूळ मुद्दा. तुमची अडचण चेंबरच्या मापाची वाटते, पण मला ती तशी दिसत नाही. चेंबर योग्य आहे. डाय प्रत्येक वेळी पुंगळीचा खांदा (अंग निमुळतं होत मानेला मिळतं तो उतार) गरजेपेक्षा जास्त मागे ढकलतेय, आणि प्रत्येक बाराला पुंगळी तेवढी ताणली जातेय. म्हणून ड्रॉइंग कुठलं घ्यावं यापेक्षा माझ्या चेंबरमध्ये आणि माझ्या पुंगळीत फरक किती आहे, हे विचारायला हवं. माझं बरंच आयुष्य टूलरूमच्या गेजिंगमध्ये गेलं, आधी पुण्यात आणि मग इकडे पेन्सिल्व्हेनियात. दोन भाग एकमेकांत बसवायचे असतील तर ड्रॉइंगवरचा आकडा सुरुवातीला लागतो, पण बसतं की नाही ते त्या दोन भागांमधल्या फरकावर ठरतं. काडतूस भरणं याला अपवाद नाही.

एक खुलासा. पुढे जे लिहितोय ते अमेरिकेत, स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरणाऱ्यांसाठी आहे. भारतात १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टनुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. तिकडून वाचणाऱ्यांनी हे फक्त समजून घेण्यापुरतं वाचावं. आणि बंदुकीची दारू किती घालायची याबद्दल मी एक अक्षरही लिहिणार नाही. ते दारूच्या आणि गोळीच्या कंपनीच्या पुस्तकातून घ्यायचं आणि किमान मात्रेपासून वर जायचं.

सामी ही अमेरिकेतली काडतुसं आणि बंदुका बनवणाऱ्यांची संस्था, १९२६ पासूनची. प्रत्येक काडतुसाची दोन ड्रॉइंग्ज ती प्रसिद्ध करते, एक काडतुसाचं आणि एक चेंबरचं. .३०८ मध्ये हेडस्पेस म्हणजे बोल्टच्या तोंडापासून खांद्यावर जिथे व्यास ०.४०० इंच होतो त्या काल्पनिक रेषेपर्यंतचं अंतर. चेंबरसाठी हे अंतर १.६३० ते १.६४० इंच, आणि काडतुसासाठी १.६२७ ते १.६३४. हे चार आकडे एकाखाली एक लिहून बघा. सगळ्यात लांब काडतूस सगळ्यात आखूड चेंबरपेक्षा चार थाऊ लांब असू शकतं (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरमध्ये ०.०२५). तेव्हा बोल्ट फिरताना खांदा किंचित दाबला जातो आणि काम चालतं. उलट सगळ्यात आखूड काडतूस सगळ्यात लांब चेंबरमध्ये तेरा थाऊ सैल बसतं, आणि तेही नियमातच आहे.

तुमच्या गनस्मिथने वापरलेला गो गेज १.६३० चा आणि नो-गो १.६३४ चा असणार. एकावर बंद होतो, दुसऱ्यावर होत नाही, म्हणजे तुमचा चेंबर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. फॅक्टरीच्या रायफलसाठी हे उत्तम आहे. जुन्या, झिजलेल्या रायफलसाठी १.६३८ चा फील्ड गेज असतो, त्याच्या जवळपासही तुम्ही नाही. तेव्हा चेंबरवरची शंका मनातून काढून टाका. मात्र गेज काय सांगतो आणि काय सांगत नाही हेही लक्षात घ्या. गेज रायफल मोजतो. तुमच्या हातून डायमधून निघालेल्या पुंगळीबद्दल तो काहीच सांगू शकत नाही, आणि बूड सुटण्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात त्यातल्या बहुतेकांचं कारण तिथेच सापडतं.

डायच्या पत्रकात काय लिहिलेलं असतं ते आठवा: रॅम (भरणीच्या प्रेसचा वरखाली होणारा दांडा) पूर्ण वर घ्या, डाय शेलहोल्डरला (रॅमवर पुंगळीचं बूड धरणाऱ्या खाचेला) टेकेपर्यंत फिरवा, मग रॅम खाली घेऊन आणखी अष्टमांश ते पाव फेरा द्या. साध्या रायफल डायचे आटे सात-अष्टमांश इंचाला चौदा, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात डाय ७१ थाऊ सरकते. अष्टमांश फेरा झाला जवळजवळ नऊ थाऊ, पाव फेरा अठरा. प्रेस जोर लागल्यावर थोडी लवते, त्यात यातला काही भाग जातो. पण सगळा जात नाही. पत्रक चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. कंपनीला ठाऊक नसतं की पुंगळी कुठल्या रायफलमध्ये जाणार आहे, म्हणून ती सगळ्यात आखूड चेंबरमध्येही बसेल अशी व्यवस्था करते. तुमची रायफल मात्र एकच आहे आणि ती तुमच्या समोर आहे.

आता बार उडतो तेव्हा आत काय घडतं ते सावकाश समजून घ्या, कारण हे एकदा कळलं की बाकीचं सगळं त्यातून निघतं. समजा तुमचा चेंबर १.६३२ आहे आणि पुंगळी डायमधून १.६२४ होऊन आली. म्हणजे आठ थाऊ मोकळे. बोल्ट बंद केल्यावर इजेक्टरची (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाची) स्प्रिंग काडतूस पुढे रेटते, फायरिंग पिनचा ठोकाही पुढेच ढकलतो, त्यामुळे खांदा चेंबरच्या खांद्याला टेकतो आणि सगळी आठ थाऊ फट बुडाच्या मागे जमा होते. दारू पेटली की दाब वाढतो. पुंगळीची भिंत खांद्याजवळ पातळ असते, ती आधी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट धरून बसते. बूड जाड असतं, ते फुगत नाही. पण मागून आधार नाही, म्हणून दाब बुडाला बोल्टच्या तोंडापर्यंत ढकलत नेतो. पुढचा भाग धरलेला, मागचा सरकतोय, मग ताण कुठे पडणार? जाड बूड संपून पातळ भिंत जिथे सुरू होते, त्या अरुंद पट्ट्यात. तिथलं पितळ आठ थाऊ ताणलं जातं. तुम्ही डायमधून पुन्हा खांदा आठ थाऊ मागे नेता, पुढच्या बाराला पुन्हा तिथेच ताण. बाहेरून चकचकीत रेघ दिसते तेव्हा आतून खाच केव्हाच पडलेली असते.

ही खाच आधी पकडता येते. कागदाची क्लिप सरळ करून टोक काटकोनात वाकवा, टोकाला धार करा आणि पुंगळीच्या आतून बुडापासून वर ओढत आणा. चांगल्या पुंगळीत ती अडखळत नाही. पट्ट्यात पितळ खाल्लं गेलं असेल तर टोक तिथे अडकल्याचं बोटाला जाणवतं. प्रत्येक भरणीआधी लॉटमधल्या काही पुंगळ्यांची अशी तपासणी करायची सवय ठेवा.

दोन खुणा अशा आहेत की ज्यांचा अर्थ लोक उलटा लावतात, म्हणून मुद्दाम सांगतो. एक म्हणजे चपटा झालेला प्रायमर (बुडातली दारू पेटवणारी टोपी). तुम्ही लिहिलंय की प्रायमर चपटे दिसले म्हणून तुम्ही दारू कमी केलीत, आणि तरी फरक पडला नाही. नाहीच पडणार. फट जास्त असली की प्रायमर आधी मागे सरकून बोल्टला टेकतो, मग बूड येऊन त्याच्यावर आदळतं आणि त्याला चपटं करतं. चपटा प्रायमर जास्त दाबाचीही खूण असते आणि जास्त फटीचीही. नुसत्या प्रायमरवरून निदान करू नका. दारू खूपच कमी केली तर बूड मागे ताणण्याइतका दाबच होत नाही आणि प्रायमर बाहेर डोकावत राहतो. तोही फटीचाच पुरावा. दुसरी खूण म्हणजे वारंवार लागणारं ट्रिमिंग. पुंगळीची मान (गोळी धरणारा पुढचा अरुंद भाग) दर भरणीला लांबत असेल आणि सारखी कापावी लागत असेल, तर ते जास्तीचं पितळ कुठून तरी येतंय ना? ते बुडाजवळच्या भिंतीतूनच पुढे सरकत आलेलं असतं. डाय नीट बसवल्यानंतर ट्रिमिंगचं काम किती कमी होतं ते तुम्हाला स्वतःच दिसेल.

मग मोजायचं कसं? त्यासाठी कॅलिपरच्या जबड्यावर बसणारा कंपॅरेटर घ्या, .३०८ साठी ०.४०० इंचाच्या भोकाचा. त्यात खांदा टेकतो आणि बुडापासून तिथपर्यंतचं अंतर वाचता येतं. इथे एक गोष्ट मनात पक्की करा: या साधनावर दिसणारा आकडा सामीच्या आकड्याशी जुळेलच असं नाही. भोकाची कड किंचित गोलसर असते, भोकाच्या मापातही सूट असते. तुमच्यावर १.६२८ दिसेल, दुसऱ्याच्या कंपॅरेटरवर तीच पुंगळी १.६३१ दाखवेल. त्याने काहीही बिघडत नाही, कारण आपल्याला फक्त फरक हवा आहे. एकच साधन, एकच हात, झाडलेली पुंगळी आणि डायमधून काढलेली पुंगळी, एवढंच. दुसऱ्याने लिहिलेला आकडा आपल्या डायसाठी वापरायचा नाही, माझाही नाही.

मोजण्याआधी वापरलेला प्रायमर काढून टाका. तो बुडापासून अर्धा थाऊ जरी वर असला तरी तुमचं माप तेवढं चुकतं. प्रायमरच्या भोकाभोवती बूर असेल तर तोही बघा. मग तुमच्या रायफलमध्ये पूर्ण मात्रेवर झाडलेल्या चार-पाच पुंगळ्या मोजा आणि त्यातला मोठा आकडा धरा. पितळ फुगल्यावर किंचित परत आकसतं, म्हणून झाडलेली पुंगळी चेंबरपेक्षा अंदाजे एक थाऊ आखूड निघते. हलक्या मात्रेवर झाडलेली पुंगळी यासाठी घेऊ नका. ती चेंबरभर फुगलेलीच नसते आणि तिच्यावरून बसवलेली डाय पुन्हा आखूडच पुंगळ्या काढते.

यापेक्षा खात्रीची पद्धत म्हणजे बोल्ट उघडा करणं. फायरिंग पिनचा संच काढा, इजेक्टर काढा. आता रिकाम्या चेंबरवर बोल्टचा दांडा स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवा. झाडलेली पुंगळी घालून बघा, बहुधा खाली येताना थोडा विरोध जाणवेल. मग डाय शेलहोल्डरपासून पुरेशी वर ठेवून सुरुवात करा, पुंगळीला वंगण लावा, साइझ करा, पुसा, घालून बघा. सुरुवातीला दांडा आणखी जड जाईल. घाबरू नका, डाय पुंगळीचं अंग दाबतेय म्हणून खांदा थोडा पुढे सरकतो. डाय आणखी थोडी खाली घ्या, अगदी दहा अंशांनी; त्यात दोन थाऊ होतात. असं करत गेलात की एका जागी दांडा आपोआप खाली पडू लागतो. तिथे थांबा आणि त्या पुंगळीचं कंपॅरेटरवर माप घ्या. तो तुमच्या चेंबरचा आकडा, तुमच्या साधनावरचा. तिथून एक ते दोन थाऊ आणखी मागे गेलात की काम झालं. मग लॉक रिंग घट्ट करा.

किती मागे जायचं हे खरोखर वापरावर अवलंबून आहे आणि इथे सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. कागदावर निशाणा साधायचा आणि प्रत्येक बार सावकाश करायचा तर मी एक ते दीड थाऊवर राहतो. हरणाच्या शिकारीला थंडीत, धुळीत, हातमोजे घालून बोल्ट बंद झालाच पाहिजे, तिथे दोन ते तीन घेतो. अर्ध-स्वयंचलित रायफल असेल तर तीन ते पाच. एम१ गॅरंड किंवा एम१४ च्या जातीच्या रायफलमध्ये फायरिंग पिन मोकळी असते. पुंगळी लांब राहिली, बोल्ट पूर्ण लॉक होण्याआधी अडकला आणि त्याच वेळी पिनने संवेदनशील प्रायमरला टोला दिला, तर काडतूस उघड्यावर फुटू शकतं. तिथे अर्धा-पाऊण थाऊ वाचवण्याचा मोह अजिबात नको. काहीजण खांदा शून्य थाऊ मागे न्यायचा, म्हणजे हातच लावायचा नाही असं सांगतात. बोल्ट दर वेळी जोर लावून बंद करावा लागला की लग्जवर (बोल्ट आत अडकवून धरणाऱ्या दातांवर) घासण पडते आणि निशाण्यावर नजर स्थिर राहत नाही. मला तो सल्ला पटत नाही.

सगळं बरोबर करूनही पुंगळी-पुंगळीत तीन-चार थाऊ फरक येत असेल, तर डायला हात लावण्याआधी पितळाकडे बघा. प्रत्येक बारासोबत आणि प्रत्येक साइझिंगसोबत खांदा कडक होत जातो, आणि कडक पितळ डायमधून निघाल्यावर जास्त परत फिरतं. चौथ्या बाराची पुंगळी आणि पहिल्या बाराची पुंगळी एकाच डायमधून वेगळ्या मापाच्या निघतात. उपाय म्हणजे अ‍ॅनीलिंग, फक्त मान आणि खांदा तापवून मऊ करणं. बुडाकडे उष्णता जाता कामा नये, बूड मऊ झालं तर ती पुंगळी धोकादायक. अ‍ॅनीलिंग करायचं नसेल तर लॉट वेगळे ठेवा आणि प्रत्येकावर किती वेळा भरलं ते डब्यावर लिहा. वंगणही दर वेळी सारखं लावा, कमी-जास्त झालं तर एक थाऊ तिथेच जातो.

खांद्यावरचं हे सगळं .३०८ सारख्या बिनकंगोऱ्याच्या, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड नसलेल्या काडतुसाला लागू आहे. काडतूस चेंबरमध्ये नेमकं कुठे अडून थांबतं हे आधी विचारायचं, मग माप घ्यायचं. आपल्याकडच्या लोकांना ली-एनफिल्डचं विशेष प्रेम असतं, ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्या रायफली इथे सरप्लस म्हणून मिळतात आणि त्याबद्दल मला बरेच जण विचारतात. .३०३ ब्रिटिश हे कंगोऱ्याचं काडतूस, ते बुडाच्या कंगोऱ्यावर थांबतं. कंगोऱ्याची फट गेजने अचूक असली तरी खांद्यापुढे चेंबर भरपूर मोकळा असतो, युद्धात चिखलमातीतही काडतूस आत जावं म्हणून तो तसाच कापलेला असतो. म्हणून दर वेळी पूर्ण साइझ केलेल्या .३०३ च्या पुंगळ्या दोन-तीन भरणीत जातात आणि लोक रायफलला दोष देतात. तिथेही उपाय हाच: पहिल्या बारानंतर खांद्याला जवळजवळ हात लावायचा नाही, पुंगळीला कंगोऱ्याऐवजी खांद्यावर थांबू द्यायचं. नंबर ४ रायफलला ० ते ३ क्रमांकाची बोल्ट हेड्स असतात, त्यांनी कंगोऱ्याची फट कमी करता येते. खांद्यापुढच्या जागेला त्यांचा उपयोग नाही. ईशापूरची २ए१ मात्र ७.६२ नाटोची, म्हणजे खांद्यावर थांबणारी. लष्करी चेंबर .३०८ पेक्षा लांब ठेवलेला असतो, तेव्हा तिच्या पुंगळ्या आणि तिची डायची जागा सगळं वेगळं. .३०० विंचेस्टर मॅग्नमसारख्या पट्ट्याच्या काडतुसांचीही तीच गत: ड्रॉइंगवर माप पट्ट्याचं, भरणाऱ्याने धरायचं खांद्याचं.

आता गोळी किती आत बसवायची. तुमच्या पुस्तकात त्या गोळीसाठी २.८०० इंच दिलेत आणि सामीची कमाल लांबी २.८१०. यातला पहिला आकडा पुस्तकवाल्यांनी त्यांच्या नळीत, त्यांच्या गोळीवर वापरलेला आहे. दुसरा मुख्यतः मॅगझिनमध्ये मावण्यासाठी आहे. तुमच्या चेंबरपुढे रायफलिंग (नळीतल्या पीळदार खाचा) कुठे सुरू होतं, हे दोन्हींपैकी एकही आकडा सांगत नाही. तो मोकळा भाग, थ्रोट, प्रत्येक कंपनीचा वेगळा, आणि नळी जशी वापरली जाते तसा तो तापून झिजून पुढे सरकत जातो. शिवाय गोळीच्या टोकावरून माप घेण्यात अर्थ नाही. एकाच डब्यातल्या गोळ्यांची टोकं काही थाऊ पुढेमागे असतात. रायफलिंगला टेकतो तो गोळीचा फुगीर भाग, म्हणून कंपॅरेटरची गोळीची खिट्टी लावून तिथपर्यंत मोजायचं. इथेही उघड्या बोल्टची पद्धत चालते: गोळी लांब बसवलेलं, दारू आणि प्रायमर नसलेलं काडतूस घाला, थोडी थोडी आत बसवत जा, दांडा आपोआप पडू लागला की गोळी नुकतीच रायफलिंगला सोडतेय.

हे माप कळल्यावर मी बहुतेक गोळ्या पंधरा-वीस थाऊ मागून सुरू करतो आणि मॅगझिनमध्ये मावतंय ना ते बघतो. गोळी रायफलिंगला टेकवून बसवली तर तिला सुटायला धाव मिळत नाही आणि तीच मात्रा जास्त दाब देते. बार न करता काडतूस बाहेर काढायची वेळ आली तर गोळी नळीत अडकून राहू शकते आणि दारू सगळी अ‍ॅक्शनमध्ये सांडते. शिकारीच्या रायफलमध्ये मी हे कधीच करत नाही. आणि गोळीची जात बदलली की माप नव्याने आणि मात्राही पुन्हा खालून.

मानेचं एक माप आहे, त्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. .३०८ च्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच, ट्रिम करायची २.००५ वर. याहून लांब झालेली मान चेंबरच्या पुढच्या कडेत घुसते, गोळीला आवळून धरते आणि दाब एकदम चढतो. जाडीचंही तसंच. वेगळ्या कंपनीच्या पुंगळ्या घेतल्यात, मानेचं पितळ जाड निघालं, तर गोळी बसल्यावर मानेला फुगायला जागा उरते ना हे बघा. सोपी चाचणी: झाडलेल्या, साइझ न केलेल्या पुंगळीच्या तोंडात तीच गोळी सोडा. ती सरळ आत घसरली पाहिजे. अडली तर तो जोड वापरू नका. फॅक्टरीच्या चेंबरमध्ये ही वेळ सहसा येत नाही, पण खास घट्ट मानेचा चेंबर कापून घेतलेल्या रायफलीत हमखास येते.

चेंबरचा साचा काढावा का, असंही तुम्ही विचारलंय. सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो, सत्तर ते अठ्ठ्याऐंशी अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतो. चेंबरमध्ये ओततात, तो आधी थोडा आकसतो म्हणून सुटून येतो, मग हळूहळू फुगतो आणि साधारण तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापावर येतो. त्याच वेळी मोजायचं. जुनी, शिक्का नसलेली किंवा कुणीतरी पुन्हा कापलेली रायफल असेल तर हा साचा काढल्याशिवाय मी तिच्यात काडतूस घालत नाही. तुमच्या रायफलला त्याची गरज नाही.

मेहुण्याच्या रायफलबद्दल. दोन्हींवर .३०८ लिहिलंय आणि दोन्ही गेजला बरोबर असतील, तरी त्यांच्या चेंबरमध्ये तीन-चार थाऊ फरक सहज असू शकतो. तुमचा चेंबर लांब आणि त्याचा आखूड असेल तर तुमच्या पुंगळ्या तिथे बंदच होणार नाहीत. उलट असेल तर बंद होतील, छान चालतील, आणि त्याच्याकडे बूड सुटेल. गोळीच्या लांबीचंही तेच. तुमच्याकडे पंधरा थाऊ मागे असलेली गोळी त्याच्याकडे रायफलिंगला टेकलेली निघू शकते. पुंगळ्या वेगळ्या ठेवा, डबे वेगळे, वहीत पानं वेगळी. दोघांत एकच डाय असेल तर डाय न हलवता वेगवेगळ्या उंचीचे शेलहोल्डर वापरता येतात, दोन ते दहा थाऊपर्यंत दोन-दोनच्या पायरीने मिळतात. दोघांसाठी एकत्रच भरायचं असेल तर आखूड चेंबरप्रमाणे साइझ करा आणि लांब चेंबरच्या रायफलमध्ये त्या पुंगळ्या कमी वेळा वापरून टाकून द्या.

खरेदीचा क्रमही सांगून ठेवतो, कारण दुकानात गेल्यावर लक्ष महागड्या डायकडे जातं. आधी बरा कॅलिपर आणि खांद्याचा कंपॅरेटर. मग गोळीची खिट्टी. नवीन पुंगळ्या एकाच लॉटच्या, शंभर पुरेत. अ‍ॅनीलिंगचं यंत्र, खास बुशिंगच्या डाय वगैरे पुढच्या वर्षी बघू. नव्या पुंगळ्या एकदा झाडून झाल्या की साइझ करण्याआधी आणि नंतर अशी पाच-पाच मापं लिहून पाठवा, डाय कुठे ठेवायची ते त्यावरून नक्की करता येईल.